शाम्पूची पुडी आणि आपला सोवळेपणा

गेल्या मे महिन्यात मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी बचत गटांच्या बायकांचं तीन दिवसांचं निवासी शिबिर होतं. दुसऱ्या दिवशी दुपारचं सत्र 'बाजार आणि बाई' या विषयावर होतं आणि ते घेण्याची जबाबदारी माझ्यावर होती. सत्राची रीत आपल्या सगळ्यांच्या परिचयाची आहे. बायकांनी पिशवीतल्या विकतच्या वस्तू सतरंजीवर मधोमध ठेवायच्या आणि त्यांचे दोन ढीग करायचे, एक गरजेचा आणि एक चैनीचा. तापाच्या गोळ्या गरजेच्या ढिगात गेल्या. चहाची पुडी थोड्या वादानंतर तिथेच गेली. तंबाखूची पुडी बायकांनी हसत हसत आपणहून चैनीत टाकली. मग एका पिशवीतून शाम्पूच्या पुड्यांची माळ निघाली. 'टू-इन-वन', म्हणजे शाम्पू आणि कंडिशनर एकातच. मी ती उचलली आणि कुणालाही न विचारता चैनीच्या ढिगात ठेवली. शहरातून आलेल्या आमच्या एका ज्येष्ठ सहकारी ताईंनी त्यावर पाच मिनिटं भाष्यही केलं : बहुराष्ट्रीय कंपन्या, रसायनं, आपली शिकेकाई, आपले रिठे.

ज्या बाईची ती माळ होती ती दरवर्षी ऊसतोडीला जाणारी, पस्तिशीची. ती उठून उभी राहिली. म्हणाली, "ताई, शिकेकाई डोक्यातनं निघाया तीन घागरी पाणी लागतं. टँकर आठ दिसांनी येतो. तुम्ही तीन घागरी आणून द्या, म्या उद्याच शिकेकाई लावते." मग तिने पुढे होऊन माळ उचलली, गरजेच्या ढिगात ठेवली आणि जागेवर जाऊन बसली.

बायका हसल्या. मीही हसले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते हसू टिकलं नाही. हा लेख त्या बाईच्या बाजूने लिहिला आहे, आणि थोडा माझ्या स्वतःच्या विरुद्ध.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. टू-इन-वन शाम्पू कुणाला उपयोगी आणि कुणाला निरुपयोगी, हे त्या बाईच्या केसांवर, तिच्याकडच्या पाण्यावर आणि वेळेवर ठरतं. आपल्या भूमिकेच्या शुद्धतेवर ते ठरत नाही. आणि या वस्तूबद्दल कंपन्यांशी खरोखर भांडण्यासारखं जे आहे, ते आपण भांडतच नाही. आपण भांडतो पुडी घेणाऱ्या बाईशी. कारण ती समोर बसलेली असते.

आधी वस्तू समजून घेऊ

केसाच्या बाहेरच्या बाजूला कौलांसारखे एकावर एक बसलेले बारीक खवले असतात. डोक्याच्या कातडीतून येणारं तेल आणि आपण लावलेलं तेल यांवर धूळ बसते. शाम्पूतला फेस करणारा पदार्थ हे तेल आणि मळ पाण्याबरोबर ओढून नेतो. पण तेल गेलं की केस रुक्ष होतात, खवले एकमेकांत अडकतात आणि गुंता होतो. कंडिशनर म्हणजे धुतलेल्या केसांवर पुन्हा बसवलेला एक पातळ थर. त्यामुळे केसावरून केस घसरतो आणि फणी फिरते. म्हणजे शाम्पूचं काम काढण्याचं आणि कंडिशनरचं लावण्याचं. दोन उलट कामं.

ही दोन कामं एका बाटलीत आणणं सोपं नव्हतं. शाम्पूतला फेसाचा पदार्थ ऋण भाराचा, नेहमीच्या कंडिशनरमधला पदार्थ धन भाराचा. दोघं एकत्र आले की एकमेकांना निकामी करतात. १९८७ च्या सुमारास प्रॉक्टर अँड गॅम्बल या अमेरिकन कंपनीने 'पर्ट प्लस' नावाचा शाम्पू बाजारात आणला, त्यात यावर तोड काढली होती. सिलिकोनचे अतिसूक्ष्म थेंब शाम्पूत तरंगत ठेवायचे. डोक्यावर दाट फेस आहे तोवर ते थेंब फेसातच राहतात. वरून पाणी पडून फेस पातळ झाला की सोबत घातलेल्या दुसऱ्या एका पदार्थाच्या मदतीने ते केसाला चिकटतात, आणि मळ वाहून जातो. मळ काढणारं पाणी तेच, थर बसवणारं पाणीही तेच. इंग्लंडमध्ये हीच वस्तू 'वॉश अँड गो', म्हणजे धुवा आणि निघा, या नावाने विकली गेली. वस्तू कुणासाठी होती ते नावातच आलं. ज्याला घाई आहे त्याच्यासाठी.

आज ज्या शाम्पूंवर 'टू-इन-वन' असं छापलेलं नसतं अशा कित्येक शाम्पूंतही हेच तंत्र वापरतात. तेव्हा 'मी नाही बाई असलं काही वापरत' असं म्हणणाऱ्या मैत्रिणींनी आपली बाटली एकदा मागच्या बाजूने वाचावी. डायमेथिकोन किंवा डायमेथिकोनॉल हा शब्द सापडला, तर आपणही त्याच माळेचे मणी आहोत.

एका बादलीतलं न्हाणं

कंडिशनर वेगळा लावायचा तर केस दोनदा धुवावे लागतात. एकदा शाम्पू काढायला, एकदा कंडिशनर काढायला. ज्यांच्या न्हाणीघरात फवारा आहे त्यांना दुसऱ्या धुण्याची किंमत कळत नाही. जिला हंडा डोक्यावरून आणावा लागतो तिला तांब्यातांब्याचा हिशेब असतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं आणि पाण्याच्या ठिकाणी जमावबंदीचा हुकूम निघाला, हे आपण विसरलेलो नाही. त्या वर्षी लातूरच्या बायका डोक्यावरून कशा न्हायल्या असतील, हा प्रश्न मात्र आपल्यापैकी कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. पिण्याच्या पाण्याचा प्रश्न मोठा, म्हणून हा प्रश्न विचारायला लाज वाटते. आणि बाईच्या अंगाचे प्रश्न याच लाजेखाली दबून राहतात.

पाणी नुसतं कमी नसतं, ते जडही असतं. खोल बोअरच्या पाण्यात क्षार असतात. अंगाचा किंवा कपड्याचा साबण अशा पाण्यात वापरला की त्याचा चिकट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. केस धुतल्यावरही चिकटच राहतात, फणी अडकते, केस तुटतात. वस्त्यांमध्ये कपड्याच्या साबणाने डोकं धुणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत आणि तुम्हीही पाहिल्या असतील. शाम्पूतला फेसाचा पदार्थ जड पाण्यात असा साका धरत नाही. म्हणजे त्या बाईपुढचा पर्याय 'शाम्पू की शिकेकाई' असा नसतोच. तो असतो 'शाम्पूची पुडी की कपड्याची वडी'. आपण तिला जी निवड करायला सांगतो, ती तिच्यापुढे नाहीच.

आणि वेळ. कारखान्याच्या गाडीची, शेतावर नेणाऱ्या टेम्पोची, शहरात सकाळच्या पहिल्या लोकलची वेळ ठरलेली असते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटं निघाला, आणि पुरुषाचा ८८ मिनिटं. ज्या बाईची जवळजवळ पाच तास अशी जातात, तिने केस धुण्यातली दहा मिनिटं वाचवली तर ती आळशी होत नाही.

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ही वाचलेली दहा मिनिटं तिच्या वाट्याला येतात असं नाही. ती भांड्यांकडे जातात, मुलांच्या डब्याकडे जातात. पुडी वेळ वाचवते, पण तो वेळ कुणाचा हे पुडी ठरवत नाही, घर ठरवतं. मिक्सर आला, गॅस आला, तेव्हाही हेच झालं. पण म्हणून आपण बायकांना पुन्हा पाट्या-वरवंट्याकडे जा असं सांगितलं नव्हतं.

शिकेकाईची आठवण कुणाला येते?

माझ्या आजोळी दर रविवारी शिकेकाईचं न्हाणं असे. शेंगा, रिठे आणि आवळकाठी रात्री भिजत घालायच्या, पहाटे चुलीवर उकळायच्या, कुस्करायच्या, फडक्यातून गाळायच्या. मग एकेकाला बोलवायचं. मला ते पाणी, तो वास, आजीची बोटं, सगळं आठवतं आणि गहिवरून येतं. पण परवा आईशी बोलताना सहज विषय निघाला तर ती म्हणाली, "तुला वास आठवतो. मला धूर आठवतो. सहा डोकी असायची, आणि माझं सगळ्यात शेवटी. तोवर पाणी गार."

मैत्रिणींनो, शिकेकाईची आठवण येते ती जिला न्हाऊ घातलं तिला. जिने उकळली तिला ती येत नाही. परंपरेच्या गोडव्यातला बायकांचा घाम शोधून काढायला आपणच जगाला शिकवलं. मग शिकेकाईच्या बाबतीत आपण एवढ्या हळव्या का होतो?

शिकेकाई वाईट असं मी मुळीच म्हणत नाही. तिचं पाणी किंचित आंबट असतं, त्याने केसांचे खवले मिटून बसतात. ती तेल काढते पण ओरबाडून काढत नाही. एका अर्थाने तेच आपलं जुनं टू-इन-वन. जिच्याकडे पाणी, सरपण आणि मोकळी सकाळ आहे तिने ती जरूर लावावी. डोळ्यांत गेली तर काय आग होते ते मात्र लक्षात ठेवावं, आणि डोक्यात राहिलेला भुगा काढायला त्या बाईने सांगितलेल्या तीन घागरीही हाताशी ठेवाव्यात.

आता दुसरी बाजू

बाजू घेतली म्हणून डोळे मिटायचे नाहीत. टू-इन-वनचे तोटे खरे आहेत, आणि गटातल्या बायकांना ते साध्या भाषेत सांगणं हे आपलं काम आहे.

पहिला तोटा लांब केसांचा. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे कमरेपर्यंतच्या केसांचं टोक पाचेक वर्षं जुनं असतं. उन्हाने, फणीने, वेण्यांनी ते झिजलेलं असतं. मुळाशी तेल असतं, तिथे धुण्याची गरज. टोकं कोरडी, तिथे थराची गरज. टू-इन-वन दोन्हीकडे एकच गोष्ट देतो. म्हणून कमी लांबीच्या, फार न बिघडलेल्या केसांना तो पुरतो. लांब, कोरड्या किंवा रंगवलेल्या केसांना वेगळा कंडिशनर, तोही फक्त टोकांना, जास्त उपयोगी पडतो. आता जाहिराती आठवून पाहा. ज्या केसांना ही वस्तू सगळ्यात कमी पुरते तेच केस पडद्यावर झुलताना दाखवतात. शाम्पूची अशी कोणती जाहिरात मानेपर्यंत केस कापलेल्या, लोकलच्या दारात उभ्या असलेल्या बाईची असते?

दुसरा तोटा तेलाचा. आपल्याकडे खोबरेल चोपडून लावायची पद्धत आहे. भरपूर तेल असलं की पहिल्या हाताला शाम्पूची सगळी ताकद तेल काढण्यातच जाते, आणि थर नीट बसत नाही. मग दुसरी पुडी फोडावी लागते. पाणी, पैसे, वेळ, सगळी बचत तिथेच संपली. तेल लावायचंच तर न्हाण्याआधी तासभर, आणि बेताचं.

तिसरा, पातळ केसांचा. अशा केसांवर हा थर जड वाटतो, केस डोक्याला चिकटून बसतात. कुणाला असं जाणवलं तर अधूनमधून साधा, थर न देणारा शाम्पू वापरला की पुरतं.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. टू-इन-वन हे औषध नाही. त्याने उवा जात नाहीत आणि केस गळायचे थांबत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. शरीरातलं लोह कमी असेल तर केस गळू शकतात. बाळंतपणानंतर काही महिने ते गळतात आणि पुढे बहुधा पूर्ववत होतात. थायरॉइडच्या दुखण्यातही गळतात. 'ताई, केस गळतात, कोणती पुडी घेऊ?' असं जेव्हा एखादी विचारते तेव्हा ती खरं तर आपल्याला दवाखान्याचा रस्ता विचारत असते. आपण तिला चंगळवादावर व्याख्यान दिलं, तर ती पुन्हा विचारणार नाही.

पाचवा प्रश्न नदीनाल्यांचा. सगळी सिलिकोन सारखी नसतात. त्यांतली डी-४ आणि डी-५ या नावाने ओळखली जाणारी, पाण्यात दीर्घकाळ न विघटता राहणारी सिलिकोन युरोपीय संघाने धुऊन टाकायच्या प्रसाधनांत ०.१ टक्का वा त्याहून अधिक ठेवायला ३१ जानेवारी २०२० पासून बंदी घातली. हा प्रश्न आपण लावून धरण्यासारखा आहे. पण तो सरकारला आणि कंपनीला विचारायचा आहे. टँकरच्या रांगेतल्या बाईला नाही.

केस कुणाचे?

एक आक्षेप असा येतो, की सुळसुळीत केसांची हौस म्हणजे पुरुषांच्या नजरेची गुलामी. काही अंशी खरं आहे. पण आपल्याच चळवळीचा इतिहास आठवा. विधवेचं केशवपन हा या महाराष्ट्रातला उघड अत्याचार होता, आणि त्याविरुद्ध १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने संप केला, वस्तरा खाली ठेवला. बाईच्या केसांचं काय करायचं हे तिने ठरवायचं, भटजीने नाही, दिराने नाही. तसंच ते आपणही ठरवायचं नाही. बॉबकट करणारी आणि वेणी राखणारी, दोघी आपल्याच.

बाजाराचं ढोंग बघायचं असेल तर शहरातल्या एखाद्या मोठ्या दुकानात जा. पुरुषांच्या फळीवर 'थ्री-इन-वन' दिसेल, म्हणजे डोकं, तोंड, अंग, सगळ्याला एकच बाटली. बायकांच्या फळीवर शाम्पू वेगळा, कंडिशनर वेगळा, मास्क वेगळा, सिरम वेगळं. पुरुषाला सोय विकतात. बाईला काळजी विकतात. अशा वेळी जी बाई सांगते, 'मला एकच पुडी पुरते,' ती बाजाराची गुलाम की बाजाराच्या चार बाटल्यांना नकार देणारी?

गुंता आणि जट

हे सगळं लिहिण्यामागे एक जुनी गोष्ट आहे. एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर माझी पहिली नोकरी कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिणेला, कर्नाटकच्या सीमेजवळ होती. तिथे केसांत जट झाली म्हणजे यल्लम्माचं बोलावणं आलं, असं मानणारी घरं अजून होती. न धुतलेले, न विंचरलेले केस एकमेकांत रुतून त्यांचा घट्ट दोर होतो, त्यात धूळ आणि घाम साठतो, उवा होतात, वजनाने मान दुखते. पण ते देवीचं म्हणून कुणी हात लावत नाही. आणि जट आलेली मुलगी देवीला वाहिली जाते. देवदासी प्रथेविरुद्ध कर्नाटकाने १९८२ साली आणि महाराष्ट्राने २००५ साली कायदा केला. कायद्याआधी आणि कायद्यानंतरही, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन, समजूत काढून बायकांच्या जटा कापल्या आहेत.

तिथल्या एका वसतिगृहातली नऊ वर्षांची मुलगी तापाने महिनाभर अंथरुणाला खिळली. घरी आजीशिवाय कुणी नव्हतं. केस धुतले गेले नाहीत, विंचरले गेले नाहीत. बरी होऊन उठली तेव्हा मानेवर मुठीएवढा गुंता होता. वसतिगृहात परत गेली तर तिला तिथून घरी पाठवून दिलं. 'देवीचं प्रकरण आहे, आम्हाला नको' असा निरोप आला. आम्ही दोघी घरी गेलो. आजी दारातच म्हणाली, "कातर लावायची न्हाय. देवीचं हाय त्ये." माझ्या सहकारी ताई अनुभवी होत्या. त्यांनी वाद घातला नाही. म्हणाल्या, "कातर आणलीच नाही, आजी. नुसती फणी आणली. सुटलं तर?" आजी विचार करून म्हणाली, "सुटलं तर देवीनंच सोडलं म्हनायचं."

तीन संध्याकाळी आम्ही बसलो. खोबरेल, मोठ्या दातांचा कंगवा, आणि दुकानातला साधा कंडिशनर. टोकाकडून मुळाकडे, चार चार केस. मुलगी रडली, झोपली, पुन्हा रडली. तिसऱ्या संध्याकाळी कंगवा मुळापासून टोकापर्यंत फिरला. आजीने स्वतः तिची वेणी घातली. पुढच्या सोमवारी ती पुन्हा शाळेत गेली.

शाम्पू-कंडिशनरने जट बरी होते असा याचा अर्थ कुणी काढू नये. वर्षानुवर्षांची जट सुटत नाही. ती कापावीच लागते, आणि त्याआधी महिनोन्महिने बोलावं लागतं. त्याच गावातल्या एका मावशींच्या बाबतीत आम्ही वर्षभर बोललो आणि तरी आम्हाला यश आलं नाही. पण जटेची सुरुवात गुंत्यातून होते, आणि गुंता न होऊ देणं हे धुण्याचं, विंचरण्याचं आणि त्या पातळ थराचं काम आहे. ज्या घरात आठवड्याला एकदा एक पुडी आणि रोज एक फणी आहे, त्या घरात मुलीच्या मानेवर देवी सहसा बसत नाही.

हे मला माहीत होतं. मी ते माझ्या हातांनी केलं होतं. तरीही गेल्या मे महिन्यात मी ती माळ चैनीच्या ढिगात ठेवली. पुस्तकी भूमिका अनुभवावर कशी मात करते, त्याचं उदाहरण मीच.

मग भांडायचं कशासाठी?

एक. पुडीवरच्या माहितीसाठी. प्रसाधनांच्या २०२० च्या नियमांनुसार बाटलीवर घटकांची यादी छापावी लागते. पण ६० मिलिलिटरपेक्षा कमी द्रव असलेल्या पाकिटाला यातून सूट आहे. म्हणजे मोठी बाटली घेणारीला आत काय आहे ते कळतं, आणि एक-दोन रुपयांची पुडी घेणारीला कळत नाही. वर मी 'बाटली मागून वाचा' असं लिहिलं. ते पुडी घेणारीला करताच येत नाही. गरिबाने न विचारता वापरावं, असा हा नियम आहे. पुड्यांच्या माळेवर, दुकानातल्या खोक्यावर किंवा फलकावर, मराठीत, ही माहिती असलीच पाहिजे. ही मागणी आपल्या किती निवेदनांत आहे? एकाही नाही.

दोन. रिकाम्या पुडीसाठी. कागदापेक्षा चिवट, थरांचं प्लास्टिक. त्याला भंगारवालाही विचारत नाही. प्लास्टिक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी हा कचरा परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तुमच्या गावात कोणत्या कंपनीचा माणूस पुड्या न्यायला आला? आमच्या गावात त्या चुलीत जातात, आणि धूर पुन्हा बाईच्याच छातीत. ग्रामसभेत ठराव करून कंपन्यांना रिकाम्या पुड्यांची पोती पाठवून देता येतील. हे एकदा करून पाहायला हवं.

तीन. किमतीसाठी. पुडी आणि बाटली यांचा दर मिलिलिटरला काय पडतो, हा हिशेब गटाच्या बैठकीत मांडायला लावा. शाम्पूवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पुडीची किंमत तीच राहिली असेल तर आतलं माप वाढलं का, ते बायकांनी जुनी आणि नवी पुडी शेजारी ठेवून तपासावं. चंगळवादावरच्या तासापेक्षा यातून जास्त शिकायला मिळेल.

चार. पाण्यासाठी. बाईच्या न्हाण्याचं पाणी हे गावाच्या पाण्याच्या मागणीत धरलंच पाहिजे. मासिक पाळीबद्दल बोलताना आपण ते आता धीटपणे म्हणतो. डोक्याच्या केसांबद्दलही म्हणू या.

यांतल्या एकाही भांडणात ती ऊसतोडीला जाणारी बाई आपल्या विरुद्ध बाजूला नाही. उलट ती सगळ्यांत पुढे असेल. तिला हिशेब येतो, तोंड आहे, आणि पाण्याचा भाव तिला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आपण मात्र तिची माळ चैनीच्या ढिगात टाकून तिला आधी गुन्हेगार ठरवतो आणि मग मोर्चाला बोलावतो.

मी माझं सत्र बदललं आहे. सतरंजीवर आता दोन ढीग करत नाही. प्रत्येक वस्तू हातात घेऊन जिची आहे तिलाच तीन प्रश्न विचारते : ही कशासाठी घेतलीस? हिने तुझं काय वाचलं? आणि हिच्याबद्दल तुला काय सांगितलं गेलं नाही? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बायका देतात. तिसऱ्याचं उत्तर शोधायला आम्ही सगळ्याजणी मिळून बसतो. आमच्या त्या ज्येष्ठ ताईंना हा बदल पटलेला नाही. त्यांनी पुढच्या अंकात उत्तर द्यावं, अशी त्यांना आग्रहाची विनंती आहे.